मार्कंडेयाच्या आईचं काय झालं?

नारळी पौर्णिमेला सोलापूरच्या पूर्व भागात, शंकराच्या वरानं अमर झालेल्या मार्कंडेयाचा रथ निघतो, यंदा आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळं एका हातानं माझा दंड घट्ट धरून उभी होती. रथ समोरून जाताना म्हणाली, "सोळाव्या वर्षाचाच राहिला ना रे तो कायमचा? मग त्याच्या आईचं काय झालं?"

मी गप्पच झालो. कॉलेजपासून अमरत्वावरच्या सायन्स फिक्शन कथा वाचतोय, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. बहुतेक कथांत न मरणारा माणूस शेवटी कंटाळतो आणि मरण मागतो. मला हे कधीच पटलं नाही, कंटाळा आला म्हणून कुणाला मरावंसं वाटतं का? आसिमोव्हच्या 1976 च्या 'द बायसेंटेनियल मॅन'मधला रोबो तरी माणूस म्हणवून घ्यायला मरण पत्करतो, ते वाचून मी खरंच रडलो होतो. पण तिथंही सगळं त्या एकाचंच, बाकीचे आपले मागं म्हातारे होत जातात.

आणि मग हेन्रिएटा लॅक्स आठवली. 1951 मध्ये बाल्टिमोरला कॅन्सरनं गेली, वय फक्त 31, मागं पाच लेकरं. आपल्या साध्या पेशी साधारण 40 ते 60 वेळा विभागतात आणि थांबतात, कारण दर वेळी गुणसूत्रांची टोकं झिजतात, पण तिच्या कॅन्सरच्या पेशी ती टोकं परत भरून काढतात, म्हणून त्या आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत. घरच्यांना वीसेक वर्षं याचा पत्ताच नव्हता! आईच्या पेशी जिवंत आणि लेकरं मात्र आईविना वाढली, याला अमर होणं कसं म्हणायचं मला कळत नाही.

म्हणून आता एक कथा लिहायला घेतलीय, 2090 चं सोलापूर, सोळाव्या वर्षी औषध घेतलेला पोरगा आणि त्याची ऐंशीची आई. पण ती आई त्याच्याशी काय बोलेल तेच सुचेना. आई शेंगा चटणी कुटत होती, तिलाच विचारलं.

मुसळ तसंच हातात धरून ती जरा वेळ थांबली. "काय बोलणार, तिला एकच घोर. मी गेल्यावर ह्याच्याकडं कोण बघणार? सोळा वर्षांचंच लेकरू की ते."

आणि परत कुटायला लागली.