डेऱ्यातली कुरकुर

१९७२ च्या दुष्काळात मी नववीत होतो. आमच्या गावची विहीर दिवाळीआधीच आटली आणि आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. सुट्टीत घरी गेलो तर आईच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. कामावर मिळालेली सुकडी ती स्वतः न खाता माझ्यासाठी पदरात बांधून आणायची.

बोर्डिंगात परतलो तो मनात कडूपणा घेऊनच. सकाळच्या उपासनेत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणताना नुसते ओठ हलायचे. ताटात लाल मिलोची भाकरी, आणि रात्री अंथरुणात पोरांशी कुजबुज: देव असता तर पाऊस नसता का पडला?

एके रात्री फेरीला आलेल्या आमच्या बायबलच्या गुरुजींनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. छडी बसणार म्हणून मी हात आधीच चोळून ठेवले होते. गुरुजींनी बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडला.

“इस्राएल लोकांनी कुरकुर कुठं केली?”

“अरण्यात, गुरुजी.”

“अरण्यात खरं, पण आपापल्या डेऱ्यात बसून. देवाच्या माघारी. आता हे वाच.”

ते बायबलातल्याच स्तोत्रसंहितेतलं बेचाळिसावं स्तोत्र होतं. त्यातला माणूसही रडतोच आहे. आसवं हेच त्याचं अन्न झालंय, लोक त्याला विचारताहेत, तुझा देव कुठं आहे? पण तो डेऱ्यात कुजबुजत नाही. देवालाच विचारतो, तू मला का विसरलास? आणि मग स्वतःकडे वळतो: ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ त्रेचाळिसावं स्तोत्र धरून हाच प्रश्न तीनदा येतो. तिन्ही जागी गुरुजींनी माझ्याकडून पेन्सिलीनं रेघ मारून घेतली. म्हणाले, “एकदा समजावून जीव ऐकत नाही रे. तुकोबासुद्धा विठोबाशी भांडले, पण समोर उभं राहून. आणि आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक सांगायचे, मी तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.”

त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या खोलीत मी एकटाच गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, “माझ्या आईचे हात बघ.” पुढं शब्दच फुटेना. किती वेळ रडलो ठाऊक नाही. उत्तर आलं नाही, पाऊसही आला नाही. तो पुढच्या वर्षीच आला. पण कित्येक दिवसांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पुढं नोकरी, संसार. शंका काही कायमची गेली नाही. माझ्या मते ती जावी असा गुरुजींचाही आग्रह नव्हता; ती कुणापुढं मांडायची एवढंच त्यांनी दाखवलं. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट तर काळोखातच होतो, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. हेही त्यांनीच सांगितलेलं.

काही वर्षांपूर्वी माझा थोरला मुलगा अपघातानंतर अकरा दिवस बेशुद्ध होता. पहिले दोन दिवस मी भेटेल त्याच्याजवळ देवाची गाऱ्हाणी सांगत होतो. तिसऱ्या रात्री हीच डेऱ्यातली कुरकुर, हे ध्यानात आलं. दवाखान्याच्या जिन्यात बसून शाळेतलं ते बायबल उघडलं. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या होत्या, तरी दिसत होत्या. “प्रभू, तू मला का विसरलास?” मी मोठ्यानं विचारलं. मग रेघ मारलेली ओळ तीनदा वाचली आणि मुलाच्या उशाशी जाऊन बसलो.