तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसात रेसचा विषय निघाला तर बोलायचं का?

इथे अमेरिकेत नव्याने आलेली आपली मुलं-मुली हे मला सारखं विचारतात, मंडळाच्या गणपतीत, लिंक्डइनवर, एकाने तर कॉस्टकोच्या लायनीत ट्रॉली धरून विचारलं. ऑफिसात रेसवर, म्हणजे वंश-वर्णावर, कोणी बोलायला लागलं तर आपण बोलायचं का गप्प बसायचं? आणि त्याला शेपूट असतंच, "तसा आपला काय संबंध म्हणा, त्यांचा गोऱ्या-काळ्यांचा प्रॉब्लेम आहे."

आधी संबंधाचंच सांगते. 1923 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड नावाच्या माणसाला, जो अमेरिकेच्या सैन्यात नोकरी करून आलेला होता, सांगितलं की तू गोरा नाहीस सबब तुला नागरिकत्व नाही. पुढे 1946 ला कायदा बदलला तरी भारताचा कोटा किती, तर वर्षाला 100 माणसं. हा कोटा गेला 1965 ला, वर्णभेदावर बंदी घालणाऱ्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टनंतर साधारण एका वर्षाने, आणि ती हवा तयार केली होती रस्त्यावर लाठ्या खाणाऱ्या ब्लॅक लोकांनी. आपण आलो ते त्यांनी उघडलेल्या दारातून, ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून हे विसरायला होतं इतकंच. आणि आपल्या जोतिरावांना तर हा संबंध 1873 लाच दिसला होता, त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना सोडवण्यासाठी झटणाऱ्यांना. पुण्यात बसून. तेव्हा संबंध नाही असं निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये.

आता बोलायचं कसं. 2020 मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइडला पोलिसांनी मारल्यावर ऑफिसाऑफिसात झूमवर सेशन्स झाली, आमच्याकडेही झालं, सगळे छान छान बोलले, आणि टीममधल्या एकुलत्या एक ब्लॅक बाईला जो तो विचारतोय तुला कसं वाटतंय, तिला बिचारीला कॅमेरा बंद करायचीही चोरी. त्यातून फार काही निघालं नाही. मला विचाराल तर रेसवर बोलायची जागा ती नाही, जिथे काहीतरी ठरत असतं तिथे बोलावं.

म्हणजे कसं, तर त्याच ऑफिसातलं आमचं दार. लंचवरून पाच-सहा जण एकत्र परत यायचे, एकाने बॅज स्वाइप करायचा आणि बाकीचे मागून आत, नियम प्रत्येकाने स्वाइप करायचा होता पण कोण करतंय. मला कधी कोणी अडवलं नाही, बॅज घरी राहिला असेल त्या दिवशीही नाही, कारण सावळा चेहरा आणि पाठीला सॅक म्हटल्यावर ही सॉफ्टवेअरवालीच असणार (डिरेक्टर असेल असं मात्र कोणाला वाटत नाही, ते वेगळं). आणि ती ब्लॅक बाई माझ्यापेक्षा वरच्या ग्रेडला, तिला वरचेवर तेच, "कोणाला भेटायचंय आपल्याला?" आपलेच देशी लोकही विचारायचे हो. तिने मला सांगितलं तेव्हा मी आधी तिलाच विचारलं की मी हे काढू का, कारण तिचं गाऱ्हाणं परस्पर मांडून मोठेपणा घेणारेही पुष्कळ असतात. ती म्हणाली दाराचं काढ, माझं नाव नको. मग मीटिंगमध्ये ऑफिसच्या सोयींचा विषय आला तेव्हा म्हटलं, बॅज एक तर सगळ्यांनी दाखवायचा नाहीतर कोणालाच विचारायचं नाही, सध्या ठरावीक रंगाच्याच लोकांना विचारलं जातंय. जरा वेळ सगळे लॅपटॉपमध्ये बघायला लागले. कोणी रेसिस्ट वगैरे शब्द काढला नाही, भाषण झालं नाही, दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांना स्वाइप, आणि बॅज विसरला म्हणून पार्किंग लॉटपर्यंत परत जाणाऱ्यांत पहिली मीच.

हायरिंगचंही तसंच. 2004 ला प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, बोस्टन आणि शिकागोत सारखेच रेझ्युमे पाठवले, फक्त नावं वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण 10 अर्जांमागे एक फोन आला, ब्लॅक वाटणाऱ्यांना 15 मागे. त्यामुळे पॅनेलवर कोणी "कल्चर फिट नाही वाटत", म्हणजे आपल्यात बसणार नाही, असं म्हणालं की विचारायचं, बसणार नाही म्हणजे नेमकं काय? एवढंच. पुष्कळदा उत्तरच नसतं.

व्हिसाची भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. नोकरी गेली की एच-वन-बी, म्हणजे कंपनीच्या जोरावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावाल्याला, दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. पण सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल सेव्हन, 15 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला लागू होतं ते, त्याला तुम्ही सिटिझन आहात का याच्याशी घेणंदेणं नाही, आणि भेदभावाची तक्रार केली म्हणून त्रास देणंही त्यात बेकायदा आहे. तक्रारीची मुदत 180 दिवस, बऱ्याच राज्यांत 300. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, लिहून ठेवत जा. "पण आता ते सगळं बंद झालं ना?" जानेवारी 2025 च्या सरकारी आदेशांनंतर कंपन्यांनी विविधता-समानतेचे कार्यक्रम गुंडाळले हे खरं, पण टायटल सेव्हन जागेवर आहे, राष्ट्राध्यक्षाच्या सहीने तो रद्द होत नाही.

राहिली आपली आपापसातली बडबड. ब्रेकरूममध्ये मराठी-हिंदीत "तो कल्लू" वगैरे चालतं, त्यांना कुठे कळतंय म्हणून. सूर कळतो, आणि आता तर फोनच भाषांतर करतो. आणि हो, जातीचंही बोलायचं. सिएटलने फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदावर बंदी घातली, कॅलिफोर्नियातलं तसंच बिल त्याच वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नरने सही न करता परत पाठवलं, त्यावर मंडळात जी भांडणं झाली ती तुम्ही ऐकलीच असतील, "इथे कुठे जात आहे?" म्हणणारेच नवीन मुलगा जॉइन झाला की पहिल्या लंचला सुरू होतात, आडनाव काय, हो का, मूळ गाव कुठलं, म्हणजे तुम्ही... मी मधेच तोडते, त्याला म्हणते हे राहू दे, तुझा लॅपटॉप आला का, आणि नसेल आला तर आयटीला कोणाला पिंग करायचं ते सांगते.