हात-मायक्रोटोम, जुळणी दुसरी: बोल्ट तोच, बाकी सगळं नवं

मायक्रोटोम म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पातळ काप काढायचं यंत्र: बोल्ट फिरवला की मेणात बसवलेला नमुना थोडा वर येतो आणि पात्याने तेवढा काप निघतो. पहिल्या जुळणीत एक काप जाड, पुढचा पातळ, तिसऱ्या वेळी पात्याला काही लागतच नाही, असं चाललं होतं. संशय बोल्टावर होता, पण बोल्ट निर्दोष निघाला. एम6 बोल्टाच्या दोन आट्यांत 1 मिमी अंतर असतं, म्हणजे एका फेऱ्याला नमुना 1 मिमी वर. बोल्टाच्या डोक्याशी दोन मोठ्या वॉशरांमध्ये जुनी सीडी आवळली आणि तिच्या कडेवर 50 खुणा केल्या की एक खूण 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). सीडीचा व्यास 120 मिमी, त्यामुळे दोन खुणांत साडेसात मिमी जागा मिळते, अर्धी खूणही नजरेने धरता येते. सीडी बोल्टाबरोबर वर सरकते, म्हणून काटा म्हणून उभी तार लावा.

गडबड होती ती ढिलाईची. साध्या नटात बोल्ट डुलतो, म्हणून तळपट्टीत 18 मिमी लांबीचा कपलर नट बसवला. त्याच्या वर पितळी नळी: आतला व्यास 12 मिमी, बाहेरचा 16, लांबी 45. नळीत लेथवर काढलेला पितळी दट्ट्या. बोल्टाचं टोक थेट दट्ट्याला टेकलं तर दट्ट्याही फिरतो आणि मेणातला नमुना पिळला जातो. मध्ये 3 मिमीची बेअरिंगची गोळी ठेवली. शिवाय दट्ट्यातून 3 मिमीची पिन आरपार घालून ती नळीच्या दोन उभ्या खाचांतून बाहेर काढली. त्याच पिनेच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगा अडकवून खाली तळपट्टीला ताणल्या. दट्ट्या फिरत नाही, आणि बोल्टाचे आटे कायम नटाच्या एकाच बाजूला दाबलेले राहतात. तरीही उलट फिरवलंच, तर अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या.

दुसरा चोर मेण. गोठताना पॅराफिन आकसतं, नळीच्या भिंतीपासून सुटतं आणि पात्याबरोबर वर उचललं जातं. जाड-पातळ-जाड असे काप आले की बहुधा हेच. उपाय सोपा: दट्ट्याच्या माथ्यावर एक छोटा स्क्रू अर्धवट पिळून ठेवा, मेण त्याच्या डोक्याला धरून बसतं. 58 ते 60 अंशांना वितळणारं मेण घ्या, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. ओला देठ तसाच बुडवला तर मेण चिकटत नाही; आधी टिपकागदाने कोरडा करा, एकदा मेणात बुडवून पातळ थर चढवा, मग नळीत उभा धरून ओता. एप्रिल-मेमध्ये विदर्भात मेण दुपारी मऊ पडतं, कापण्याआधी नळी बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा.

माथ्यावर 6 मिमी ॲल्युमिनियमची 75 मिमी चौरस पट्टी, आणि तिच्यावर नळीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या दोन काचपट्ट्या, म्हणजे पात्याची वाट. दाढीचं दुधारी पातं इथे चालत नाही: मधल्या फटीवर ते वाकतं आणि काप मध्यभागी जाड येतो. 18 मिमी कटरचं नवं पातं बरं. मात्र त्याची धार दोन्ही बाजूंनी उतरती असल्याने सपाट ठेवलं तरी धार काचेपासून किंचित वर राहते. ते चालतं, कलणं चालत नाही. उतार साधारण 1 मिमी रुंद धरला तर पातं एका अंशाने कललं की धार 17 मायक्रॉन खाली-वर होते, म्हणजे जवळजवळ एक खूण! म्हणून पातं 20 मिमीच्या चौकोनी लोखंडी दांड्याखाली दुहेरी टेपने चिकटवलं. हात दांडा दाबतो, पात्याला हात लावायचाच नाही. दांडा तिरका धरून एका दमात ओढा. धार आणि मेण 70 टक्के अल्कोहोलने ओलं ठेवा, नाहीतर काप गुंडाळतो.

आत्तापर्यंतचे काप: सूर्यफुलाचा कोवळा देठ दोन खुणांवर, म्हणजे 40 मायक्रॉनला, अखंड येतो. एका खुणेवर मेणाचा काप छान, पण देठ मेणातून निसटतो, कारण मेण आत मुरलेलं नाही, फक्त भोवती आहे. कण्हेरीचं पान मेणापेक्षा गाजराच्या चिरेत धरून जास्त चांगलं कापलं जातं. काप ब्रशने पाण्यात उचलायचे, 1 टक्का सॅफ्रानिनमध्ये (लाल रंगात) तीन मिनिटं, धुवून ग्लिसरीनमध्ये. देठातल्या जलवाहिन्या लाल उठतात, कण्हेरीत पर्णरंध्रांचे खळगे केसांसकट दिसतात.

पातं दहा-बारा कापांनंतर पुढे सरकवायचं. कापावर उभ्या रेघा दिसू लागल्या की आधीच उशीर झालेला असतो.