"सहकार्य नाही"

मंगळवार, रात्री

आज आलेल्या आजींच्या जुन्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर, कुणीतरी शेरा मारला होता, "सहकार्य नाही". या शेऱ्याचा मला मनापासून राग येतो. बीप ऐकू आला की बटण दाबायचं, हे ध्यानात ठेवणं हीच मुळी स्मरणशक्तीची परीक्षा. डिमेन्शिया असलेल्या माणसाला थोड्या वेळाने बटण हातात का आहे तेच आठवत नाही. कान बिचारा ऐकतच असतो.

आधी ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या उपकरणाने, पाहिलं. उजव्या कानात मळ घट्ट बसलेला. तो डॉक्टरांकडून काढून घेतला, मगच आजींना बूथमध्ये बसवलं. सूनबाई शेजारी. बटण मी दिलंच नाही. "आजी, आवाज आला की 'हो' म्हणा," एवढंच, आणि तेही दर थोड्या वेळाने पुन्हा. १००० हर्ट्झला सुरुवात केली. सलग सुराऐवजी तुटक तुटक सूर दिला, तो लवकर ध्यानात येतो. आजी म्हणाल्या, "अगं, दारात कोण आलंय बघ!" चालेल की, हाही प्रतिसादच! त्यानंतर प्रत्येक सुराला त्या सुनेला दार उघडायला सांगत होत्या आणि मी ग्राफवर खुणा करत होते.

दोन्ही कानांचं १००० आणि ४००० आधी उरकलं, कारण कधी कंटाळतील नेम नसतो. ५०० घेईपर्यंत हेडफोन काढून मांडीवर आला होता. ४००० च्या उंच सुराला बरंच कमी ऐकू येतंय, म्हणजे स, श, त, क निसटणार. बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूकडून येणारा विद्युत प्रतिसाद मोजणारी चाचणी, करता येते, तिला उत्तर द्यावं लागत नाही. पण इलेक्ट्रोड चिकटवून शांत पडून राहणं आजींना जमेलसं वाटत नाही, आणि नेहमीच्या क्लिक-बेरातून खालच्या सुरांचं फारसं कळतही नाही.

मुलाने विचारलं, "कानाचं मशीन लावलं तर विसरणं थांबेल?" नाही म्हणाले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत श्रवणदोष धरलाय, पण यंत्र म्हणजे त्या आजारावरचा इलाज नव्हे. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आजींची स्मरणशक्तीची चाचणी कान न तपासता, मळ तसाच ठेवून झाली होती. "हे पाच शब्द लक्षात ठेवा" यातले किती शब्द त्यांच्यापर्यंत पोचले असतील?

रिपोर्टमध्ये लिहिलं: प्रतिसाद तोंडी, बऱ्यापैकी विश्वसनीय, चाचणी अपुरी. उरलेले सूर पुढच्या आठवड्यात, सकाळी, चहा झाल्यावर. स्मरणशक्तीची चाचणी यंत्र लावून पुन्हा घ्यावी, अशी चिठ्ठी न्यूरॉलॉजिस्टना दिलीय.