लूपमधली उशिरा येणारी किक

रत्नागिरीत मी गिटार शिकवतो. जुलैत जयगडहून येणारा अकरावीचा एक मुलगा म्हणाला, "सर, घरी वाजवताना दर चार बारांनी हात अडखळतो. इथे नाही होत तसं." (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट.) मेट्रोनोम ८० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ८० मात्रांवर, लावून त्याचा हात पाहिला. स्ट्रोक अगदी नेमके पडत होते. मग त्याच्या फोनमधला ड्रम ट्रॅक ऐकला. चार बारांचा साधा ठेका, रिपीटवर लावलेला, म्हणजे लूप. पहिली फेरी छान गेली, दुसऱ्या फेरीची पहिली किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा खर्जातला ठोका, मात्र किंचित उशिरा आली. मुलगा लयीत होता, चुकत होता तो ट्रॅक.

फाइल लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. ८० बीपीएमला एक मात्रा पाऊण सेकंदाची. चार बार म्हणजे १६ मात्रा, म्हणजे बरोबर १२ सेकंद. फाइल होती १२.०४ सेकंदांची. हे जास्तीचे ४० मिलिसेकंद एमपीथ्रीचे. त्यात आवाज ११५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या अगदी बारीक नोंदींच्या) ठरावीक तुकड्यांत बसवावा लागतो, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. एकदाच वाजणाऱ्या गाण्यात ती कळतही नाही. लूपमध्ये ती दर वेळी ऐन समेवर येते. शिवाय बरेच फोन फाइल पुन्हा सुरू करताना स्वतःही क्षणभर थांबतात.

दुरुस्ती दहा मिनिटांची. झूम करून पहिली किक जिथे उठते तिच्या अगदी आधीपर्यंतची शांतता कापली. तिथून बरोबर १२ सेकंद ठेवले, मागचं उडवलं. मग पूर्ण तुकडा निवडून रिपीट इफेक्टमध्ये १९ हा आकडा टाकला. मूळचा एक आणि हे १९, असे २० तुकडे, म्हणजे सलग चार मिनिटं. आता ही फाइल एमपीथ्रीत काढली तरी चालते, कारण भरलेली शांतता फक्त दोन टोकांना राहते. छोटाच लूप ठेवायचा असेल, तर तो वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेवावा.

घरी पत्र्यावर पाऊस कोसळत असताना फोनच्या स्पीकरवर हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजांची जोडी) ऐकू येत नाही, आणि किकचा खर्ज त्या एवढ्याशा स्पीकरला पेलत नाही. दोन्ही गेल्यावर उरतो नुसता स्नेअर, म्हणजे मधला कडक आवाजाचा ड्रम. म्हणून इअरफोन लावायला सांगितलं, तोही वायरचा. ब्लूटूथवर नुसतं वाजवायला अडचण नाही, जे ऐकू येतं त्याच्यासोबत हात जातो. पण तो रोज फोनवर ट्रॅकसोबत गिटार रेकॉर्ड करून मला पाठवतो. ब्लूटूथवर ड्रम कानात उशिरा पोचतात, साहजिकच गिटारही तेवढीच मागे रेकॉर्ड होते आणि चांगला हातसुद्धा ढिला वाटतो.

निघताना त्याने भावगीतासाठी दादऱ्याचा (सहा मात्रांच्या तालाचा) ट्रॅक कसा शोधायचा ते विचारलं. ६/८ शोध म्हटलं, पण नावातल्या बीपीएमवर जाऊ नकोस. कोणी सहाही मात्रा मोजतं, कोणी तीन-तीनचे दोनच ठोके. त्यामुळे नुसतं '६०' लिहिलेल्या दोन ट्रॅकच्या लयीत तिपटीचा फरक असू शकतो. आधी दोन आवर्तनं हाताने टाळी देऊन मोजायची, आणि फिल, म्हणजे ठेक्याच्या मध्ये येणाऱ्या सजावटीच्या जागा, कमीत कमी असलेला ट्रॅक घ्यायचा.