आमची वाटचाल: धानाच्या लोंबीपासून नाटकाच्या पोस्टरपर्यंत

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या नाटकांची, पंढरी. दिवाळी सरली, धानकापणी उरकली की गावोगावी मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. या नाटकांची पोस्टरं आणि बॅनर यांवरच आमचं छोटं दुकान उभं राहिलं.

सुरुवातीला काम एकाच साच्याचं होतं. नेटवरून फोटो घ्यायचा, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कापायचा, अक्षरांना पांढरी कड द्यायची. गिऱ्हाईकही खुश असायचं. एकदा राईस मिलवाले काका आले आणि म्हणाले, "भाऊ, पोत्यावरची ही लोंबी तर बाजूच्या मिलच्याही पोत्यावर हाये. माही वेगळी पायजे." वेगळी म्हणजे आपण बनवलेली, हे त्या दिवशी लख्ख कळलं.

बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, खरी लोंबी आणली. पेन्सिलीनं काढली, शाईत बुडवून कागदावर दाबली, काळ्या कागदातून कात्रीनं कापली. वस्तू तीच, पण प्रत्येक वेळी चित्र निराळं. पेन्सिलीच्या चित्रात एकेक कुसळ दिसत होतं, पण प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यावर इतक्या बारीक रेषा टिकत नाहीत, शाई भरून त्या बुजतात. कापलेली लोंबी मात्र दुरूनही ओळखू यायची. कापताना दाण्यांमधल्या मोकळ्या जागेलाही आकार असतो हे हाताला समजलं. तीच स्कॅन करून व्हेक्टर केली, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितात बदलली, त्यामुळे पोतं पाच किलोचं असो की पन्नास किलोचं, कड फाटत नाही. काकांच्या मिलचं काम आजही आमच्याकडेच आहे.

तेव्हापासून आमच्याकडे शिकायला आलेल्या पोरापोरींना पहिले काही दिवस माऊस मिळत नाही. विळा, सूप, मोहफूल, जे हाती लागेल ते घ्यायचं आणि जमेल तितक्या तऱ्हांनी काढायचं. हुबेहूब चित्रापासून निव्वळ आकारापर्यंत. मग अर्थाकडे वळायचं. लोंबीशेजारी विळा ठेवला तर कापणी, तोच विळा लाल पार्श्वभूमीवर एकटा ठेवला तर नाटकात खून आहे हे प्रेक्षक वाचल्याशिवाय ओळखतो. फोटोही आम्ही स्वतः काढतो, तेही उतरत्या उन्हात, कारण तिरप्या उजेडात सुपाची वीण उठून दिसते. फ्लॅश मारला की ती सपाट होते.

तांत्रिक भाग लवकर शिकता येतो, पण चुकवून चालत नाही. ए4 पत्रक 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) छापायचं तर पानभर फोटो 2480 बाय 3508 पिक्सेलचा हवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून आम्ही तो 'डॉक्युमेंट' करून मागवतो. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, तसा उतरत नाही, हे गिऱ्हाइकाला छपाईआधीच प्रूफवर, म्हणजे नमुना छापावर, दाखवतो.

2023 मध्ये परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याही मनात आलं, की या नाटकाचं पोस्टर त्याच्या तोडीचंच असायला हवं. कलाकारांचे चेहरे पोस्टरवर लागतातच, प्रेक्षक त्यांच्यासाठी येतो. पण आता नाटक कंपनीवाल्यांना आम्ही चेहऱ्यांसोबत नाटकातली एक वस्तू मागतो, आणि तिचं चित्र दुकानातच तयार होतं. मंडईच्या हंगामासाठी यायचं असेल तर तालीम सुरू होतानाच या. चित्राला वेळ लागतो.