खोटं ‘पीएम किसान’ अ‍ॅप फोनमधून काढताना : माझा अनुभव

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या भावाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गावोगावी आहेत. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, लग्नपत्रिका अशा नावांच्या एपीके फायली (प्ले स्टोअरबाहेरून थेट अ‍ॅप टाकायची फाईल) त्यांतूनच फिरतात. अशी फाईल टाकलेला फोन हातात आला की मी आधी अ‍ॅप शोधत बसत नाही. पहिलं काम एअरप्लेन मोड, आणि वाय-फाय चालू राहिलं असेल तर तेही बंद. हे अ‍ॅप आलेले ओटीपी वाचून नेटवरून पुढे पाठवतं, ती वाट आधी तोडायची.

पैसे गेले असतील तर साफसफाई नंतर. “भाऊ, आधी फोन नीट करून दे” असा आग्रह होतोच, पण दुसऱ्या फोनवरून आधी बँक आणि 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा.

आता फोन. होम स्क्रीनवर या अ‍ॅपचं चिन्ह बहुधा नसतंच. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, सगळी यादी उघडली की बिननावाचं किंवा सरकारी नावाचं काहीतरी सापडतं. अनइन्स्टॉलचं बटण फिकट दिसलं तर त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क घेतलेला असतो. सिक्युरिटीत जाऊन ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स’मधली खूण काढावी लागते. खरी डोकेदुखी पुढे आहे. ते पान उघडताच आपोआप बंद होतं, पुन्हा उघडलं की पुन्हा बंद. फोन बिघडलेला नसतो. अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि बटणं दाबायची परवानगी, मिळालेलं अ‍ॅप स्वतःच ‘बॅक’ दाबत असतं.

यावर उपाय सेफ मोड. पॉवर बटण दाबून आलेल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवायचं. काही कंपन्यांत फोन चालू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरावं लागतं. खाली कोपऱ्यात ‘सेफ मोड’ दिसलं की बाहेरून टाकलेलं एकही अ‍ॅप चालत नाही. मग क्रमाने अ‍ॅक्सेसिबिलिटी बंद, अ‍ॅडमिन बंद, अनइन्स्टॉल. डीफॉल्ट एसएमएस अ‍ॅप कोणतं आहे तेही बघायचं. एवढ्यानेही नाही निघालं तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पुसून कोरा करायचा. त्याआधी फोटो काढून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचं डॉक्युमेंट्स फोल्डर मात्र घेऊ नका, फाईल तिथेच असते.

कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं, हमखास विसरलं जातं. ते नेटवर्कवर बसतं, फोन रीसेट करूनही जात नाही. *#21# लावून तपासायचं, वळवलेलं दिसलं तर ##002#, तरीही नाही गेलं तर सिम कंपनी. यूपीआय पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदलायचा तो हे सगळं झाल्यावरच, आधी बदलला तर नवाही त्यांच्याच हाती जातो.

फोनने अडवलं नव्हतं का? बहुतेक वेळा अडवलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेली एपीके टाकताना अँड्रॉइड ‘अनोळखी अ‍ॅप्स’ची परवानगी वेगळी मागतं. अँड्रॉइड 13 पासून अशा अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी द्यायला गेलं की ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ची पाटी येते. मग फसवणारा माणूस फोनवरून सांगतो, “बापू, अ‍ॅप इन्फोत जा, वरचे तीन ठिपके दाबा, अलाउ करा.” हल्ली तर पहिलं अ‍ॅप ‘अपडेट करा’ म्हणत दुसरं आत ओढतं, कारण तसं आलेल्या अ‍ॅपला ही पाटी टाळता येते. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप शोधणारी गुगलची तपासणी, तीही हेच लोक बंद करायला लावतात. प्ले स्टोअरमध्ये वरच्या फोटोवर दाबून ते पुन्हा चालू करायचं, स्कॅन करायचं. आयकर, किसान, चलान यांचं काम संकेतस्थळावर होतं, एपीके कुणीच पाठवत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतात किती, तो भाग वेगळा.

शेवटचं काम व्हॉट्सअ‍ॅपचं. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी लॅपटॉप असेल तर लॉगआउट करायचा, टू-स्टेप पिन लावायचा, डॉक्युमेंटचं ऑटो-डाउनलोड बंद करायचं. याच नंबरवरून ती फाईल सगळ्या ग्रुपांत गेलेली असते. साधारण दोन दिवसांच्या आत असेल तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ चालतं, नाहीतर ग्रुप अ‍ॅडमिनला फोन करून सांगायचं.